एका नाण्यावर दोन राजे

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेले आईबाप गणिताला फारसे घाबरत नाहीत. भाषेचंही कसंबसं जमून जातं. पाऊल अडतं ते इतिहासापाशी. "आम्हालाच सनावळ्या आठवत नाहीत. पेपर दिला त्याच दिवशी विसरलो. आता मुलीला कोण शिकवणार?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की या प्रकरणाची सुरुवात त्यानंच करते. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: "नेटवर सगळं फुकट आहे म्हणतात, पण त्यातलं उघडायचं काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. इतिहास घरी शिकवायला तो आधी येत असायला लागत नाही. मुलीच्या शेजारी बसून तीच वस्तू, तोच लेख, तोच नकाशा तिच्याबरोबर पाहायची तयारी लागते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडं सविस्तर उत्तर द्यावं लागेल, आणि ते मी नाशिकच्या एका नाण्यावरून देणार आहे.

१. साधन म्हणजे काय? आधी घरातलं कपाट उघडा

संगणक चालू करण्याआधी आईवडिलांच्या लग्नाची पत्रिका शोधून काढा. मग आत्याला फोन लावा आणि त्या लग्नाची आठवण सांगायला सांगा. आत्या म्हणेल, लग्न मे महिन्यात झालं, उकाड्यानं जीव जात होता. पत्रिकेवर तारीख असेल २८ एप्रिल. आत्या खोटं बोलत नाही, पण तारखेच्या बाबतीत पत्रिकेवर जास्त विश्वास ठेवायचा, कारण ती त्याच वेळी छापलेली आहे. उकाडा किती होता, जेवणावळीत कोण रुसलं, हे मात्र पत्रिका कधीच सांगणार नाही. त्यासाठी आत्याच हवी.

त्या काळातून थेट आपल्या हाती आलेली वस्तू किंवा मजकूर म्हणजे इतिहासाचं साधन. पत्र, नाणं, शिलालेख, जमाखर्चाची वही, फोटो, सगळं साधनच. वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर हेच काम केलं. जुन्या वाड्यांतून, दप्तरांतून कागद मिळवले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं २२ खंड काढले. त्यातला पहिला १८९८ चा. दहा वर्षांच्या मुलीला हा शब्द लग्नपत्रिकेवरून कळला की पुढचं सगळं सोपं जातं.

२. फुकट आणि मुक्त

आता नेटकडे वळू. घरी इतिहास शिकवायला मला पाच प्रकारच्या जागा पुरतात.

पहिली, बालभारतीची पुस्तकं. सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. मुलगी शाळेत जात नाही म्हणून पाठ्यपुस्तक टाळायचं, हा हट्ट मला पटत नाही. रस्त्यावर मैलाचे दगड असतात तसं ते आहे. त्याच्याकडे बघून चालायचं, त्याच्यावर बसून राहायचं नाही. दुसरी जागा मराठी विश्वकोशाची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत आकाराला आलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो घरबसल्या, मराठीत, एक पैसा न देता वाचता येतो. एखादं नाव अडलं की आधी इथे यायचं. तिसरी जागा जिल्हा गॅझेटियरांची, म्हणजे एकेका जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांची, चौथी इंटरनेट अर्काइव्हसारख्या ग्रंथालयांची, जिथे जुन्या पुस्तकांची पानं छायाचित्र काढून ठेवलेली आहेत. पाचवी म्हणजे संग्रहालयांचे ऑनलाइन संग्रह आणि विकिमीडिया कॉमन्स. तिथे वस्तूंची मोठी, स्वच्छ छायाचित्रं मिळतात.

एक फरक मुलांना लहानपणीच सांगावा. फुकट मिळणारं सगळंच मुक्त नसतं. कुणीतरी कालचं पुस्तक स्कॅन करून चढवलं, तर ते फुकट मिळतं पण लेखकाच्या हक्काचं असतं. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं पुस्तक त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षांनी सगळ्यांचं होतं. हिशेब करून बघा. राजवाडे गेले १९२६ साली. त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं. रियासतकार गो. स. सरदेसाई गेले १९५९ साली. १९५९ अधिक ६० म्हणजे २०१९, म्हणून त्यांचं लेखन मुक्त झालं १ जानेवारी २०२० पासून. जो लेखक १९७० मध्ये गेला, त्याच्या पुस्तकाला २०३० संपेपर्यंत थांबायचं, नाहीतर विकत घ्यायचं. ही बेरीज मुलीलाच करायला द्या.

३. नाणं मोठं करून पाहा

आता मुख्य धडा. नहपान आणि गौतमीपुत्र सातकर्णी ही दोन नावं शोधून, एकाच नाण्यावर दोघांचे शिक्के असलेलं छायाचित्र उघडा. इंग्रजी स्पेलिंगनं शोधलंत तर लवकर सापडेल. चित्र जेवढं मोठं होईल तेवढं करा आणि काहीही न सांगता मुलीला विचारा, "काय दिसतंय?"

आधी काहीच धड दिसत नाही. चांदीचा छोटा गोल तुकडा, पाच-दहा रुपयांच्या नाण्याहून लहान. मग हळूहळू एका माणसाच्या डोक्याची बाजू उमटू लागते. कपाळाची नाहीतर हनुवटीची रेघ, कडेला अक्षरांचे तुकडे. आणि त्या चेहऱ्यावरच ठोकलेला दुसराच शिक्का: एकावर एक रचलेल्या कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ. नाणं उलटं केलं की चार टोकांना चार गोळे असलेली फुली. तिला उज्जैन चिन्ह म्हणतात. खालचा चेहरा नहपानाचा. तो क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप. क्षत्रप म्हणजे मुळात सुभेदार, पण हा राजासारखाच राज्य करत होता. वरचा शिक्का गौतमीपुत्र सातकर्णीचा, म्हणजे सातवाहनांचा.

मुलांना हे कसं सांगायचं? स्वयंपाकघरातला एखादा जुना डबा काढा. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. समजा डब्यावर एक नाव कोरलेलं आहे, त्याच्यावर काट मारलेली आहे आणि शेजारी दुसरं नाव घातलेलं आहे. डबा तोच, मालक बदलला. नाण्याचंही तसंच. चांदी तीच, राजा बदलला.

अशी नाणी किती? १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी इथे नाण्यांचा एक साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा मारलेला होता. मुलीला टक्केवारी काढू द्या. सत्तरच्या आसपास येते. म्हणजे दर दहा नाण्यांतल्या सातांवर नव्या राजानं आपली खूण ठोकली.

इथे एका मुलीनं मला विचारलं होतं, "मग त्यानं ती वितळवली का नाहीत?" हा प्रश्न आला की धडा मार्गी लागला असं समजा. असा लेख कुठेही नाही, ज्यात राजानं याचं कारण सांगितलंय. म्हणून मुलांना सरळ सांगायचं की याचं लिहिलेलं उत्तर नाही, आपण अंदाज करू. वितळवायला भट्टी, कोळसा, वेळ लागतो, ठोकायला एक छाप आणि हातोडी पुरते. शिवाय जुना चेहरा पुसटसा दिसत राहिला तर बाजारातल्या प्रत्येक माणसाला कळतं की कुणाला हरवून कोण आलंय. अंदाजाला अंदाज म्हणायचं, पुराव्याला पुरावा म्हणायचं. ही सवय लागली तर पाठांतर थोडं कमी झालं तरी मला चालेल.

४. भिक्षूंच्या कापडाचा हिशेब

नाण्यावरून लेण्याकडे जाऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत एकाच डोंगरात या दोन्ही बाजूंची लेणी आहेत. १० क्रमांकाचं लेणं नहपानाचा जावई उषवदात यानं कोरवलं. ३ क्रमांकाचं सातवाहनांचं. दोन्हींचे फोटो शेजारीशेजारी ठेवा, खांब जुळतात का पाहा. नंतर खोदणाऱ्यांनी आधीच्या लेण्याचा घाट डोळ्यांपुढे ठेवला होता, असं अभ्यासक सांगत आले आहेत. पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या की मुलांना ते आपोआप दिसतं.

१० क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात उषवदाताचा एक लेख आहे. त्याचं भाषांतर जुन्या नाशिक गॅझेटियरात मिळतं. त्यात हिशेब आहे, आणि तो मला फार आवडतो. नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, उषवदातानं २,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवले. व्याज महिन्याला शेकडा एक. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

आता वही काढा. २,००० वर महिन्याला शेकडा एक म्हणजे २० कार्षापण. वर्षाचे बारा महिने, म्हणून २० गुणिले १२, एकूण २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे? पुन्हा २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी कातळावर कोरलेला आकडा आणि आपल्या वहीतला आकडा एकच येतो, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासाठी तरी हा धडा घ्यावा. याच लेखात आणखी १,००० कार्षापणांची ठेव आहे, व्याज महिन्याला शेकडा पाऊण. वर्षाचं व्याज किती, ते सोडवून घ्या. (उत्तर ९०.)

एवढ्यात मुलगी काय काय शिकली ते बघा. तेव्हा व्याज होतं. विणकरांचा संघ होता आणि त्याच्याकडे ठेव ठेवण्याइतकी त्याची पत होती. भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहत. राजघराण्यातला माणूस दान देताना हिशेब जाहीर करून ठेवत असे. पाठ्यपुस्तकात हेच 'व्यापार व श्रेणी' अशा मथळ्याखाली दोन ओळींत येतं. आता त्या दोन ओळी तिला परक्या वाटणार नाहीत.

५. आई मुलाचं कौतुकच करणार

३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ती गौतमीपुत्राची आई. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तिनं तो कोरवून घेतला. त्यात मुलाची भरभरून स्तुती आहे: त्यानं क्षहरात वंश समूळ उखडला, त्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली.

इथे थांबून विचारा, "हे कोण सांगतंय?" मुलं लगेच म्हणतात, "आई." "मग खरं मानायचं का?" इथे वाद होऊ द्यावा. आई मुलाचं कौतुकच करणार, म्हणून तिचा शब्द टाकून द्यायचा का? नाही. पण एकटीच्या शब्दावर भागवायचंही नाही. दुसरा साक्षीदार शोधायचा. तो आपल्याकडे आहे: जोगळटेंभीची नाणी. नहपानाचा खजिना गौतमीपुत्राच्या हाती गेल्याशिवाय इतक्या नाण्यांवर शिक्का कसा बसेल?

तिसरा साक्षीदारही त्याच लेण्यात आहे. गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाची आज्ञा तिथे कोरलेली आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत भिक्षूंना द्यावं, असं ती सांगते. निवर्तन हे जमिनीचं त्या काळचं माप. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांच्या मुलांना एक शब्द पुरे: फेरफार. सातबाऱ्यावरचं नाव बदललं. आईची स्तुती, नाण्यांवरचा शिक्का आणि जमिनीचा फेरफार, तिघं वेगवेगळ्या कारणांनी एकच गोष्ट सांगतात. आता मानायला हरकत नाही. तीन समुद्रांच्या पाण्याला मात्र असे साक्षीदार मिळत नाहीत, तेव्हा ती स्तुती म्हणूनच ठेवायची.

याच जागी गॅझेटियरचीही परीक्षा घ्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेचे संपादक जेम्स कॅम्पबेल. तिचा १६ वा खंड नाशिकचा, १८८३ चा. पांडवलेण्यांतल्या लेखांचं वाचन त्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांचं आहे, आणि ते काम आजही थक्क करतं. पण त्या खंडात जोगळटेंभीच्या साठ्याची नोंद सापडेल का? मुलीला विचार करू द्या. १८८३ चं पुस्तक १९०६ ची गोष्ट सांगू शकत नाही. जुनं एसटीचं वेळापत्रक हातात घेऊन आज स्टँडवर उभं राहिलं तर काय होईल, तेच इथे. म्हणून कुठलंही पुस्तक उघडलं की आधी त्याचं साल बघायचं.

हे गॅझेटियर इंग्रजीत आहे आणि ते इंग्रज सरकारनं आपल्या कारभारासाठी लिहून घेतलंय. लोकांबद्दल, जातींबद्दल त्यातली काही वाक्यं आज वाचताना खटकतील. ती लपवू नका. लिहिणारा कोण आणि कुणासाठी लिहीत होता, हे मुलांना तिथल्या तिथेच सांगा. इंग्रजी जड जात असेल तर आईनं एक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत गोष्ट सांगायची, एवढं पुरतं. शोधताना पूना, थाना, शोलापूर अशी जुनी स्पेलिंगं वापरा, नाहीतर खंड हाती लागणार नाहीत.

६. भिंतीवर दोन मीटर कागद

सनावळ्या पाठ होत नाहीत कारण त्यांना लांबीरुंदी नसते. ती द्या. वाण्याकडून खाकी कागद आणून दोन मीटर लांब पट्टी कापा आणि भिंतीला चिकटवा. एक सेंटीमीटर म्हणजे दहा वर्षं. उजवं टोक म्हणजे आज.

स्वातंत्र्य येतं टोकापासून जेमतेम आठ सेंटीमीटरवर. शिवराज्याभिषेक, १६७४, सुमारे ३५ सेंटीमीटरवर. ज्ञानेश्वरी, १२९०, सुमारे ७३ वर. आणि नहपान १९० च्या आसपास, जवळजवळ डाव्या टोकाला. त्याच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण तो वाद पन्नास वर्षांचा धरला तरी पट्टीवर पाचच सेंटीमीटर होतात, तेवढी पेन्सिलीची फिकट रेघ ओढा. मुलांना एक गोष्ट चटकन दिसते: शिवाजी महाराज नहपानापेक्षा आपल्याला कितीतरी जवळचे आहेत. 'फार फार पूर्वी' या एकाच पोत्यात कोंबलेली माणसं अशी वेगळी होतात. पुढे वर्षभर जे जे शिकाल ते या पट्टीवर चढवत जा.

७. व्हिडिओ आणि परीक्षा

व्हिडिओ दाखवू नये असं मी म्हणणार नाही. लेणी, किल्ले, शस्त्रं पाहायला तो उत्तमच. पण इतिहास सांगणारा व्हिडिओ पाहताना तीन प्रश्न विचारायची सवय लावा. हे कोण सांगतंय? घटनेनंतर किती वर्षांनी सांगतंय? त्याला कसं कळलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत नसेल तर विश्वकोशात नाव काढून पडताळा. मोबाइलवर फिरत आलेल्या मजकुरालाही हेच तीन प्रश्न.

परीक्षेची काळजी परीक्षेचं वय आलं की करावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं, त्यासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, आणि तिचं अभ्याससाहित्यही संकेतस्थळावर विनामूल्य आहे. नवव्या-दहाव्या वर्षी आठवड्याला दोन बैठका आणि महिन्याला एकच विषय, एवढा वेग मला योग्य वाटतो. तुमचं गाव नाशिकजवळ नसेल तर तुमच्या तालुक्याची गॅझेटियरमधली नोंद उघडा आणि त्यातलं एकच देऊळ, एकच बाजार, एकच वेस निवडा. पन्नास संकेतस्थळांची यादी जमवत बसू नका.

आणि जे पडद्यावर पाहिलं ते डोळ्यांनी पाहायला जा. पांडवलेणी नाशिक शहराला लागूनच, मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गाजवळ आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर घ्या. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. २४० चा हिशेब केलेली वही विसरू नका. तो लेख १० क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात अजून आहे.